एफएमजीईसाठी कॅन्सरचा अभ्यास: कुठून सुरू करायचं, काय सोडायचं

परदेशातून एमबीबीएस करून आलेली मुलं एफएमजीईची, म्हणजे भारतात डॉक्टरी करायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची, तयारी सुरू करताना सगळ्यात आधी मार्कांची यादी भिंतीवर चिकटवतात. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग ३०, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) ३०, पॅथॉलॉजी १३, फार्मा १३. त्या यादीत ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सरचं शास्त्र, नावाचा विषय शोधूनही सापडत नाही. रेडिओथेरपीचे ५ मार्क तेवढे दिसतात, आणि पाचच मार्क आहेत, शेवटी बघू, असं म्हणून मुलं पुढे जातात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं आणि नापास झाले.

दुसऱ्या खेपेच्या आधी मी सोडवलेले सगळे सराव-पेपर काढून बसले आणि कॅन्सरशी संबंध असलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लाल खूण केली. खुणा सगळीकडे होत्या. पॅथॉलॉजीत स्लाइड, फार्मात केमोचं औषध, सर्जरीत स्तनातली गाठ, स्त्रीरोगात पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, बालरोगात पोटातला गोळा, डोळ्यांच्या विषयात पांढरी बाहुली, कान-नाक-घशात बसलेला आवाज, पीएसएममध्ये स्क्रीनिंग. एकेका विषयात दोन-तीन प्रश्न म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत. एकत्र केले की तो एक अख्खा विषय होतो. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. १४६ वर थांबलेल्या मुलाला विचारा, चार प्रश्नांची किंमत काय असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की कॅन्सरसाठी वेगळी वही करा आणि ती विषयाप्रमाणे न लावता पेशंटच्या वाटेने लावा. पेशंट काय तक्रार घेऊन आला, त्याला आधी काय करायचं, मग काय, उपचारात काय बिघडू शकतं. परीक्षेतला प्रश्न याच वाटेवर कुठेतरी उभा असतो.

वही कशी लावायची

दोनशे पानी वही घ्या. एका कॅन्सरला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर वरून खाली: कुणाला होतो, कशाने होतो, पेशंट काय म्हणत येतो, पहिली तपासणी, पक्कं निदान करणारी तपासणी, स्टेज कशावर ठरते, उपचार. उजवं पान सुरुवातीला कोरं ठेवा. तिथे फक्त तुम्ही चुकवलेल्या प्रश्नांतून शिकलेली ओळ लिहायची, तारीख घालून. महिनाभराने डाव्या पानापेक्षा उजवं पान जास्त कामाचं ठरतं, कारण ते तुमचे स्वतःचे कच्चे दुवे असतात.

क्रमही महत्त्वाचा. पुस्तकाच्या क्रमाने गेलात तर पेशींच्या जीवशास्त्रातच पंधरा दिवस जातात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन आधी संपवा. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिला आणि गर्भाशयमुखाचा दुसरा आहे, आणि तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे जितका दिसतो तितका जगात फार थोड्या ठिकाणी दिसतो. सरकारी स्क्रीनिंगही याच तिघांचं आहे. त्यानंतर फुप्फुस, मोठं आतडं, थायरॉइड, प्रोस्टेट, अंडाशय, वृषण. मग रक्ताचे कॅन्सर आणि लहान मुलांचे. हाडांचे आणि मेंदूचे शेवटी, चित्रांच्या भरवशावर.

पाया: एक दिवस, पण मन लावून

पायाच्या गोष्टी थोड्या आहेत. डिसप्लेसिया, म्हणजे पेशींचा बिघाड, बेसमेंट मेम्ब्रेनच्या, म्हणजे पेशींखालच्या पडद्याच्या, आत राहते; पूर्ण जाडीभर पसरली की कार्सिनोमा इन सिटू; पडदा फोडला की इन्व्हेसिव्ह. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरलाय. पेशंटचं पुढे काय होणार, हे सांगायला सहसा स्टेज जास्त उपयोगी. कॅन्सरची सगळ्यात खात्रीची खूण विचारली तर उत्तर मेटास्टेसिस, म्हणजे दूरच्या अवयवात पसरणं.

जनुकांचं प्रकरण मात्र पाठ न करता समजून घ्या. १९७१ मध्ये नड्सन यांनी रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे डोळ्याच्या कॅन्सरच्या, मुलांचा हिशोब मांडला. काही मुलांना रोग दोन्ही डोळ्यांत आणि फार लवकर होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि उशिरा. त्यांचं म्हणणं असं, की पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही बिघडल्याशिवाय गाठ होत नाही. पहिल्या गटातली मुलं एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन येतात, त्यांना एकच धक्का पुरतो. दुसऱ्या गटाला एकाच पेशीत दोन धक्के बसावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. एवढं डोक्यात बसलं की ट्यूमर सप्रेसर जनुक म्हणजे काय हे वेगळं पाठ करावं लागत नाही. हे जनुक, आरबी, १३ क्रमांकाच्या क्रोमोसोमवर (१३ क्यू १४), आणि जन्मतः बिघाड असलेल्या मुलांना पुढे ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचा, धोका, हे दोन्ही त्याच पानावर लिहा.

ट्रान्सलोकेशनचंही, म्हणजे क्रोमोसोमचे तुकडे जागा बदलतात त्याचंही, तसंच. १४ क्रमांकाच्या क्रोमोसोमवर इम्युनोग्लोब्युलिनच्या जड साखळीचं जनुक असतं आणि बी पेशीत ते कायम चालू असतं. दुसरं कुठलंही जनुक त्याच्या शेजारी येऊन बसलं की तेही चालू राहतं. ८ वरचं मिक आलं तर बर्किट, १८ वरचं बीसीएल-२ आलं तर फॉलिक्युलर, ११ वरचं सायक्लिन डी-१ आलं तर मँटल सेल, तिन्ही लिम्फोमाचे प्रकार. तीन आकड्यांच्या जोड्या एका कारणाने बांधल्या गेल्या. उरल्या त्या तीन-चार घोकाव्या लागतात: ९-२२ सीएमएल आणि त्यावर इमॅटिनिब, १५-१७ एपीएल आणि त्यावर एटीआरए (दोन्ही रक्ताचे कॅन्सर), ११-२२ ईविंग (हाडाचा).

एक कॅन्सर पूर्ण करून बघा: तोंडाचा

माझं एमबीबीएस किर्गिझस्तानात, बिश्केकला झालं. तिथे काही जण नसवाय, म्हणजे तिथली तंबाखू, ओठाखाली ठेवताना पाहिले होते, पण तोंडाच्या कॅन्सरची रांग मी पाहिली नव्हती. ती इथे आल्यावर पाहिली. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात माझी आत्या रोज सकाळी मिश्री लावते. तवा तापवून त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटून डबीत भरायची, आणि बोटावर घेऊन हिरडीवर चोळायची. चोळून झाल्यावर ती तशीच तोंडात ठेवून आत्या अर्धा तास अंगण झाडते. प्रश्नपत्रिकेत 'तंबाखूचा वापर' एवढेच शब्द असतात; ते वाचताना मला ते अंगण दिसतं आणि मग उत्तर चुकत नाही. तुमच्याही घरात, गल्लीत असं कुणीतरी असेल. त्याला वहीत जागा द्या.

आता प्रश्न बघा. बावन्न वर्षांची बाई, वीस वर्षं मिश्री. गालाच्या आतल्या बाजूला दोन महिने न भरणारी जखम, तीन सेंटिमीटरची, कडा कडक आणि वर आलेल्या. त्याच बाजूला जबड्याखाली अडीच सेंटिमीटरची एकच कडक गाठ. पुढची पायरी कोणती? पर्याय: गाठ काढून तपासणे, सीटी स्कॅन, जखमेच्या कडेची बायॉप्सी, अँटिबायॉटिक देऊन दोन आठवड्यांनी बोलावणे.

उत्तर कडेची बायॉप्सी. कडेचीच का, तर मध्यभागी मेलेलं मांस असतं आणि त्यात निदान होत नाही; कडेला रोगट आणि निरोगी दोन्ही भाग मिळतात. गाठ कापून काढायची नाही. मानेतल्या गाठीला आधी सुई, म्हणजे एफएनएसी. सीटी लागतोच, पण तो रोग किती पसरलाय हे बघायला, आणि ते निदानानंतर. अँटिबायॉटिकचा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही की तिची तपासणी टाळायची नाही.

याच पेशंटवर आणखी चार प्रश्न निघतात. जखमेची खोली आठ मिलिमीटर निघाली तर टी, म्हणजे मूळ गाठीचा आकडा, किती? आकार दोन ते चारच्या मध्ये आणि खोली दहाच्या आत, म्हणून टी-२. गाठ एकच, त्याच बाजूची, तीन सेंटिमीटरच्या आत आणि कवचाबाहेर पसरलेली नाही, म्हणून लसिकागाठींचा आकडा एन-१. मिळून स्टेज तीन. उपचार? तोंडाच्या कॅन्सरला आधी सर्जरी, सोबत मानेच्या गाठी काढणं, मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बघून रेडिएशन. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन केव्हा? कापलेल्या कडेत रोग उरला असेल किंवा गाठीच्या कवचाबाहेर गेला असेल तेव्हा. स्लाइडवर काय दिसेल? केराटिन पर्ल.

आणि त्याच पानाच्या तळाशी शेजारचे तीन रोग: ल्युकोप्लेकिया पांढरा, पुसून न जाणारा, एरिथ्रोप्लेकिया लाल आणि पांढऱ्यापेक्षा जास्त घातक, सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड उघडत नाही, जळजळ होते, आणि त्याचं कारण सुपारी. तंबाखू आणि सुपारी हे दोन वेगळे गुन्हेगार आहेत, ही ओळ मी लाल शाईने लिहिली होती.

अशी दोन पानं भरायला पहिल्यांदा तीन तास लागतील. लागू द्या. दुसऱ्या कॅन्सरला दोन लागतात, पाचव्याला एक.

स्तनाचं पान याच पद्धतीने: हाताने तपासणी, इमेजिंग आणि कोअर बायॉप्सी हे तिन्ही मिळून निदान, तरुण बाईला सोनोग्राफी, मोठ्या वयात मॅमोग्राफी, ईआर, पीआर (संप्रेरकांचे रिसेप्टर) आणि हर-२ हे तीन रिपोर्ट, टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका, ॲरोमाटेज इनहिबिटरने हाडं ठिसूळ. गर्भाशयमुखाच्या पानावर एक रेघ ठळक मारा: रोग पॅरामेट्रियमपर्यंत (गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींपर्यंत), म्हणजे २-बी पर्यंत पोचला की ऑपरेशन नाही, सिस्प्लॅटिनसह रेडिएशन. मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी फुगली तर ३-बी, लसिकागाठींत गेला तर ३-सी.

स्टेजिंग: आकडे सोडा, मोजपट्टी लक्षात ठेवा

सगळ्या अवयवांचं टीएनएम (मूळ गाठ, लसिकागाठी, दूरचा प्रसार यांचे आकडे) पाठ करणारी मुलं मी पाहिली आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांचं सगळं एकमेकांत मिसळतं. प्रत्येक अवयवाची मोजपट्टी कोणती, एवढं आधी लिहा. स्तन आकाराने मोजतात: दोन, पाच, आणि मग कातडी किंवा छातीची भिंत धरली तर आकार काहीही असो, टी-४. मोठं आतडं आकाराने मोजत नाहीत, भिंतीत किती खोल गेलं त्यावर मोजतात. मूत्राशयात स्नायूपर्यंत गेलं की नाही, हा एकच प्रश्न उपचार बदलतो. मेलानोमा मिलिमीटरच्या जाडीने. लिम्फोमा डायफ्रामच्या एका बाजूला की दोन्ही. वृषणाच्या कॅन्सरमध्ये रक्तातले मार्करसुद्धा स्टेजमध्ये धरतात, हे वेगळेपण म्हणून विचारलं जातं. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे आकडे पाठ, बाकीच्यांची मोजपट्टी. पुरतं.

केमोची औषधं: माणसाचं चित्र काढा

एका पूर्ण पानावर माणूस काढा. चित्रकला यायची गरज नाही. कानाशी आणि किडनीशी सिस्प्लॅटिन. फुप्फुसावर ब्लिओमायसिन. हृदयावर डॉक्सोरुबिसिन, आणि त्याच्या शेजारी त्याचं रक्षण करणारं डेक्सराझॉक्सेन. मूत्राशयावर सायक्लोफॉस्फमाइड आणि इफॉस्फमाइड, शेजारी मेस्ना. तळपायांवर विन्क्रिस्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल. स्वादुपिंडावर ॲस्पॅराजिनेज. आतड्यावर इरिनोटेकान. मग हाडाच्या मगजावर 'जवळजवळ सगळी' असं लिहून बाजूला अपवाद लिहा: विन्क्रिस्टिन आणि ब्लिओमायसिन मगजाला फारसा धक्का लावत नाहीत.

दोन ठिकाणी मुलं हमखास घसरतात. पहिलं, ल्युकोव्होरिन. मेथोट्रेक्सेटसोबत दिलं तर ते निरोगी पेशींना वाचवतं. ५-एफयूसोबत दिलं तर तेच औषधाचा मारा वाढवतं. एकच औषध, दोन उलटी कामं. दुसरं, हृदय. डॉक्सोरुबिसिनचं नुकसान एकूण डोस वाढत जाईल तसं साठत जातं आणि सहसा भरून येत नाही. ट्रॅस्टुझुमॅबचं डोसवर अवलंबून नसतं आणि औषध थांबवलं की बहुधा सुधारतं. आणि विन्क्रिस्टिन पाठीच्या कण्यात कधीही देत नाहीत, ते जीवघेणं ठरतं. हे परीक्षेसाठी जितकं महत्त्वाचं तितकंच पुढे वॉर्डात.

नव्या औषधांची यादी संपत नाही, तिच्यामागे धावू नका. इमॅटिनिब, ट्रॅस्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, बेव्हॅसिझुमॅब, एर्लोटिनिब, बोर्टेझोमिब, पेम्ब्रोलिझुमॅब: ही सात, त्यांचं लक्ष्य आणि एकेक दुष्परिणाम.

तातडीचे प्रसंग: इथे मार्क सोपे आहेत

ट्यूमर लायसिस सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरच्या पेशी एकदम फुटल्याने होणारा बिघाड, मी चार वेळा पाठ केला आणि चार वेळा विसरले. मग एका रात्री मैत्रिणीला फोनवर मराठीत सांगून बघितला आणि तो कायमचा बसला. पेशी म्हणजे भरलेलं पोतं. केमोने एकाच वेळी लाखो पोती फुटली. पोत्यात काय होतं? पोटॅशियम, फॉस्फेट आणि न्यूक्लिक ॲसिड. म्हणून रक्तात पोटॅशियम वाढलं, फॉस्फेट वाढलं, न्यूक्लिक ॲसिडपासून युरिक ॲसिड वाढलं. वाढलेल्या फॉस्फेटने कॅल्शियमला धरून ठेवलं, म्हणून कॅल्शियम तेवढं कमी झालं. पोटॅशियमने हृदय धोक्यात, युरिक ॲसिडने किडनी. बर्किट आणि खूप पेशी असलेला ल्युकेमिया यांत जास्त, कारण पोती जास्त आणि पटकन फुटणारी.

उपचारही त्याच गोष्टीतून येतो. भरपूर सलाईन. ॲलोप्युरिनॉल नवं युरिक ॲसिड बनू देत नाही; आधीच बनलेलं तोडायला रासब्युरिकेज. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या पेशंटला रासब्युरिकेज देत नाहीत, लाल पेशी फुटतात. परीक्षेत ही शेवटची ओळ फार आवडीने विचारतात.

याच्या उलट चित्र हायपरकॅल्शिमियाचं, म्हणजे रक्तात कॅल्शियम वाढण्याचं: फुप्फुसाच्या स्क्वेमस कॅन्सरचा पेशंट, गोंधळलेला, तहानलेला, पोट साफ नाही. तिथे पीटीएच या संप्रेरकासारखं प्रथिन गाठीतूनच सुटतं. आधी सलाईन, मग झोलेड्रोनिक ॲसिड. फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर मात्र एडीएच आणि एसीटीएच ही संप्रेरकं सोडतो. फुप्फुसाच्या या दोन कॅन्सरांची अदलाबदल करून पर्याय देतात.

केमोनंतर ताप हा तिसरा प्रसंग. एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८, आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ५०० च्या खाली. रक्ताचं कल्चर घ्या, पण रिपोर्टची वाट बघत बसू नका. स्यूडोमोनासला मारणारं अँटिबायॉटिक तासाभरात सुरू, म्हणजे पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिम. गुदद्वारातून तपासणी करायची नाही. चौथा, पाठीचा कणा: कॅन्सरच्या पेशंटची पाठ दुखतेय, आडवं झालं की वाढतं, पायातली ताकद गेलीय. डेक्सामेथासोन लगेच, मग एमआरआय. इथे उशीर झाला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो.

चित्रं

रोज रात्री झोपण्याआधी दहा चित्रं, नाव झाकून. ऑर्फन ॲनी डोळे, रीड-स्टर्नबर्ग, चांदण्यांचं आकाश, सिग्नेट रिंग, कॉल-एक्स्नर, शिलर-डुव्हाल. सॅमोमा बॉडी कुठेकुठे दिसतात ते चार अवयव: थायरॉइडचा पॅपिलरी, अंडाशयाचा सिरस, मेनिंजिओमा, मेसोथेलिओमा. एक्स-रेमध्ये सूर्यकिरण आणि कॉडमन त्रिकोण म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, कांद्याचे पापुद्रे म्हणजे ईविंग, साबणाचे फुगे म्हणजे जायंट सेल.

लहान मुलांत पोटातल्या गोळ्याचे दोन दावेदार. विल्म्सचं, म्हणजे किडनीच्या गाठीचं, मूल बहुधा खेळतं-खातं असतं आणि गोळा आईला आंघोळ घालताना हाताला लागतो. तो सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. न्यूरोब्लास्टोमाचं मूल आजारी दिसतं, गोळा मध्यरेषा ओलांडतो, स्कॅनमध्ये चुन्याचे कण दिसतात, लघवीत व्हीएमए हे रसायन वाढतं. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये बाहुली पांढरी चमकली तर रेटिनोब्लास्टोमा.

ते पाच मार्क

रेडिओथेरपीला अर्धा दिवस द्या, पाचातले तीन तरी हाती लागतात. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्याचे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. कोबाल्टवर चालणारं भाभाट्रॉन हे देशी मशीन मुंबईच्या बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, बनवलंय. ब्रॅकीथेरपीत (गाठीजवळ ठेवून दिलेल्या किरणांत) इरिडियम-१९२, अर्धायुष्य ७४ दिवस. विभाजनाच्या चक्रात पेशी जी-२ आणि एम टप्प्यात सगळ्यात नाजूक, एस टप्प्याच्या शेवटी सगळ्यात चिवट. ऑक्सिजन असेल तर किरणांचा मारा जास्त. सेमिनोमा (वृषणाचा) आणि डिस्जर्मिनोमा (अंडाशयाचा) रेडिएशनला विरघळतात.

स्क्रीनिंग: पीएसएमवाल्यांचा गड

२०१६ च्या केंद्राच्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, तिन्ही दर पाच वर्षांनी. तोंड डोळ्यांनी बघून, स्तन हाताने तपासून, गर्भाशयमुख व्हीआयएने, म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा पट्टा उमटतो का ते बघून.

या विषयातलं मोठं काम महाराष्ट्रात झालंय आणि आपल्या मुलांनाच ते ठाऊक नसतं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएने तेवढा फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी व्हीआयए दर दोन वर्षांनी, पुन्हा पुन्हा केली, आणि २०१४ मध्ये मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचं समोर आलं. दोन निष्कर्ष शेजारी ठेवा, म्हणजे स्क्रीनिंग पुन्हा पुन्हा का करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. एचपीव्हीच्या लसीच्या ओळीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लिहा: प्रकार ६, ११, १६, १८. कॅन्सर करणारे त्यातले १६ आणि १८. ६ आणि ११ मस्से करतात.

आता एक हिशोब हाताने करा. हजार बायकांपैकी दहाजणींना रोग आहे. तपासणीची सेन्सिटिव्हिटी (रोग असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ८० टक्के, स्पेसिफिसिटी (रोग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के. दहापैकी आठजणी पॉझिटिव्ह. उरलेल्या ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणी रोग नसताना पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १०७, त्यात खऱ्या आठ. म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू साडेसात टक्के. रोग जितका दुर्मीळ तितकी ही किंमत खाली येते. सेन्सिटिव्हिटी तीच राहते. आकडे बदलून हा हिशोब पाच वेळा करा, मग परीक्षेत चौकोन काढायलाही एक मिनिट लागणार नाही.

सहा आठवडे, रोज एक तास

पहिला आठवडा पाया आणि तोंड. दुसरा स्तन आणि गर्भाशयमुख. तिसरा छाती-पोटाचे कॅन्सर. चौथा रक्ताचे आणि मुलांचे. पाचवा औषधं, तातडीचे प्रसंग, रेडिओथेरपी, स्क्रीनिंग. सहाव्यात नवीन काही वाचायचं नाही, फक्त प्रश्न सोडवायचे आणि उजवी पानं भरायची. केमोच्या डोसची वेळापत्रकं, दुर्मीळ सार्कोमांचे उपप्रकार, ट्रायलची नावं, प्रत्येक अवयवाचं पूर्ण टीएनएम, हे सगळं बिनदिक्कत सोडा.

परीक्षा दोन भागांत, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. कॅन्सरचा लांबलचक प्रश्न आला की आधी शेवटची ओळ वाचा. 'पहिली तपासणी', 'पक्कं निदान', 'पसरण्याचा अंदाज' आणि 'उपचार' या चार प्रश्नांना पेशंट एकच असला तरी उत्तरं चार असतात, आणि चारही उत्तरं पर्यायांत मांडलेली असतात. प्रश्न इंग्रजीत असतो, पण मनात तो मराठीत फिरवून बघा: बाई आली, तोंडात जखम आहे, आता मी तिला काय करू? चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. दोन पर्यायांत अडकलात आणि एकात पेशींचा तुकडा घेण्याची गोष्ट असेल, तर उपचाराचं बटण दाबण्याआधी प्रश्नात निदान झाल्याचं कुठे लिहिलंय का ते परत एकदा शोधा. लिहिलेलं नसेल तर बायॉप्सी.